सायकलचं दुकान पुन्हा घालवू नका

बेळगाव शहराचा नवा आराखडा करणारे अधिकारी, सल्लागार आणि त्यावर सह्या करणारे लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्राला कारण झाला एक पिवळा पट्टा. परवाच्या बैठकीत आपण पडद्यावर शहराचा नकाशा दाखवलात. जांभळा रंग उद्योगाचा, निळा व्यापाराचा, पिवळा राहत्या घरांचा. अनगोळच्या अंगाला असलेली आमची गल्ली त्यात स्वच्छ पिवळी होती. प्रत्यक्षात त्या गल्लीत सतरा दुकानं आहेत. सात लेथवाले, तीन मोटर रिवाइंडिंगवाले, दोन वेल्डर, एक स्प्रिंगा करणारा, एक ग्राइंडिंगवाला, एकाच दुकानात पितळेचे बुश ओतणारे दोघे भाऊ, जुनी बेअरिंगं विकणारे एक काका आणि आमचं पॅटर्नशॉप. बैठकीच्या आधीच या सतरा जणांना एकेक नोटीस आली होती. भाग निवासी आहे, धंदा बंद करा किंवा शहराबाहेर वीस किलोमीटरवर होणाऱ्या औद्योगिक वसाहतीत प्लॉटसाठी अर्ज करा, मुदत पंधरा दिवस. नोटीस फक्त कन्नडमध्ये. सतरातल्या तिघांना ती वाचता आली. बाकीच्यांना मी वाचून दाखवली. शेजारचे लेथवाले मामा ऐकून एवढंच म्हणाले, "बाई, आता कुठं जाऊचं?"

तो प्रश्न मी आपल्यापुढे ठेवते आहे. जाहीरपणे ठेवते, कारण बैठकीत प्रश्नांसाठी दहा मिनिटं होती आणि त्यातली सात आभारप्रदर्शनात गेली.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. माझे वडील खानापूर तालुक्यातून सुतारकीची हत्यारं घेऊन बेळगावात आले. उद्यमबाग या इथल्या कारखान्यांच्या भागात फाउंड्र्या (धातू ओतायचे कारखाने) वाढत होत्या आणि त्यांना पॅटर्न करणारे हात हवे होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बिडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याची लाकडी प्रतिकृती लागते. ती वाळूत दाबून साचा करतात. वितळलेलं बीड थंड होताना शंभराला साधारण एक एवढं आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी आमच्याकडे वेगळी पट्टी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून किंचित मोठा. वडील म्हणायचे, जो आकसणं धरत नाही त्याचं काम फुकट. आज दुकान भाऊ बघतो, हिशेब मी लिहिते, आणि दिवसा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. शहरं कशी वाढतात याच्या थिअऱ्या पंचवीस वर्षं फळ्यावर मांडल्या आहेत. आपल्या सादरीकरणात त्यातल्याच काही नावांचा उल्लेख झाला, म्हणून धीर करून बोलते.

एक जुनी गोष्ट आधी. 1888 साली रामुअण्णा आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर या भावांनी याच बेळगावात सायकलचं दुकान काढलं. सायकली बाहेरून यायच्या, इथे विकल्या जायच्या, मोडल्या की दुरुस्त व्हायच्या. त्या दुरुस्तीच्या कामातूनच पुढे चारा कापायचं यंत्र निघालं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढतं असं म्हणून शेतकरी सुरुवातीला नांगराला हात लावेनात, तरी भावांनी चिकाटी सोडली नाही. कारखाना उभा राहिला. आणि मग शहराची नवी वसाहत वाढवायची म्हणून नगरपालिकेला नेमकी तीच जागा हवी झाली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. आपल्याकडे उरला किर्लोस्कर रोड.

हे नुसतं हळहळण्यासाठी सांगत नाही. जेन जेकब्स नावाच्या अमेरिकी अभ्यासक बाईंनी 1969 मध्ये शहरांच्या अर्थकारणाबद्दल जे मांडलं, त्यात जपानच्या सायकलींचं उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिकडे सायकली परदेशातून येत. सुटे भाग महाग, म्हणून टोकियोतली दुरुस्तीची छोटी दुकानं एकेक भाग स्वतः करू लागली. एक दुकान एक भाग, दुसरं दुसरा. एक दिवस अख्खी सायकल तिथेच जुळू लागली. बाईंचं म्हणणं असं की शहर वाढतं ते असं: जे बाहेरून आणत होतो ते गावातच करायला शिकायचं, आणि जुन्या कामाला नवं काम फुटायचं. वर्गात हा धडा शिकवताना मला टोकियोपर्यंत जावंच लागत नाही. मुलांना सांगते, किर्लोस्कर रोडला जाऊन उभे राहा.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी. आपल्या आराखड्याचा सगळा भर एका मोठ्या बाहेरच्या उद्योगावर आहे. तो येईल, मग बाकी सगळं आपोआप वाढेल, असं सांगताना आपण फ्रेंच अर्थतज्ज्ञ फ्रान्स्वा पेरू यांच्या 'वाढीच्या ध्रुवा'चं नाव घेतलंत. पेरू यांनी 1955 मध्ये जे म्हटलं ते एवढंच की वाढ सगळीकडे एकदम होत नाही, काही बिंदूंवर होते आणि तिथून पसरते. पण पसरते कशातून? दुव्यांमधून. हे दुवे अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी 1958 मध्ये उलगडून दाखवले: मागचे दुवे म्हणजे कारखाना कच्चा माल, सुटे भाग, दुरुस्ती कोणाकडून घेतो, पुढचे म्हणजे त्याचा माल वापरून गावात कोण काय करतो. दोन्ही बाजूंचे दुवे गावाबाहेर असतील तर ध्रुव कसला, तो शिवारात उभा केलेला एकटा खांब.

हिशेब साधा आहे. बाहेरून शंभर रुपयांची ऑर्डर आली. त्यातले साठ रुपये गावातच मजुरीला, जॉबवर्कला (म्हणजे दुसऱ्याकडून करून घेतलेल्या कामाला), किराण्याला गेले, ज्याला मिळाले त्यानेही शंभरातले साठ गावातच खर्च केले, असं होत गेलं तर त्या शंभराचे गावात एकूण अडीचशे होतात. गावात वीसच राहिले तर सव्वाशे. ऑर्डर तीच, पण गाव निम्म्यावर आलं. आपल्या सादरीकरणात गुंतवणुकीचे कोटी होते, नोकऱ्यांचे आकडे होते. गावात किती राहणार आणि किती गळणार, याचा रकाना नव्हता. आमच्या भाषेत सांगायचं तर आपण आकसणं धरलेलं नाही.

मोठ्या उद्योगाला माझा विरोध नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण बैठकीत मला कोणीतरी लगेच 'विकासविरोधी' म्हणून मोकळं झालं. हत्तरगीला महामार्गालगत विमानांचे सुटे भाग होतात ही मला अभिमानाची गोष्ट वाटते. पण मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, काम करणारे हात हुक्केरी तालुक्याच्या माळावर आभाळातून पडलेले नाहीत. माझ्या समजुतीने या जिल्ह्यात लेथ, भट्टी आणि बारीक मापाचं व्हर्निअर दोन-तीन पिढ्या आधीच घरोघर होते, म्हणून तसं काही इथे उभं राहू शकलं. आपण म्हणता ध्रुव आधी, दुकानं नंतर. मी म्हणते क्रम तपासा.

दुसरी तक्रार त्या वीस किलोमीटरची. इंग्रज अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्ये एकाच धंद्याची माणसं एकाच भागात का गोळा होतात ते सांगितलं. कसबी माणूस चटकन मिळतो, पूरक धंदे शेजारीच उभे राहतात, आणि धंद्यातली गुपितं गुपितं राहत नाहीत, ती हवेतच असतात, पोरं ती नकळत शिकतात. आमच्या गल्लीतली हवा कशी आहे ते सांगते. एक पॅटर्न पक्का होईपर्यंत फाउंड्री ते दुकान अशा त्याच्या चार-पाच फेऱ्या होतात. वाळूचा साचा करणारा मोल्डर येऊन सांगतो, इथे साचा उचलताना वाळू तुटते, ढाळ (बाजूचा उतार) वाढवा. मशिनिंगवाला म्हणतो, या बाजूला दोन मिलिमीटर जास्त ठेवा. कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठीचा साचा) घेऊन भाऊ स्कूटरवर तिसऱ्या रेल्वे गेटापासून उद्यमबागेत जातो आणि अर्ध्या तासात परत येतो. बोअर, म्हणजे आतलं भोक, चुकला तर समोरच्या लेथवर सुधारून घेतो, पैसे आठवड्याने. हा व्यवहार कुठल्याच कागदावर नाही. वीस किलोमीटरवर गेल्यावर स्कूटरचा टेम्पो होईल, अर्ध्या तासाचा दिवस होईल, आणि उधारी चालणार नाही, कारण समोरचा दुकानदार तिथे समोर नसेल. सतरापैकी पाच जण तिकडे गेले, बारा जण घरी बसले, तर नुसती बारा दुकानं गेली असं होत नाही, सतराही दुकानांची एकमेकांशी असलेली सांगड गेली.

आणि प्लॉट केवढा? आमचं दुकान अर्ध्या गुंठ्यात आहे. बैठकीत दाखवलेला सगळ्यात लहान प्लॉट पाच गुंठ्यांचा होता. स्प्रिंगा करणाऱ्याने मला विचारलं, उरलेल्या साडेचार गुंठ्यांत काय, भात लावूचं?

या जागी आपल्या बाजूचंही थोडं लिहायला हवं. आमची गल्ली म्हणजे काही नंदनवन नव्हे. ग्राइंडिंगची धूळ शेजारच्या घरातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. पितळ ओततात त्या दिवशी धूर होतो. पोरांच्या हाताला मोजे नसतात, विमा तर नाहीच. रात्री दहानंतर हातोडा चालू नये ही शेजाऱ्यांची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. पण धुळीवर उपाय धूळ ओढणारं यंत्र असतो, वीस किलोमीटर नसतो.

तिसरी तक्रार. आराखड्यात एक वाक्य आहे की शहराने 'एका क्षेत्रात ओळख' निर्माण करावी. अर्थशास्त्रात हा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टर म्हणजे भविष्यातलं शहर असं सगळ्यांना वाटायचं: भव्य कापडगिरण्या, एकच शिस्तीतला धंदा. बर्मिंगहॅम म्हणजे बटणं, कुलपं, बंदुका, पेनाची निबं करणाऱ्या बारीकसारीक कारखान्यांचा गोंधळ. पुढे मंदावलं ते मँचेस्टर, आणि नव्या धंद्यांकडे वळत राहिलं ते बर्मिंगहॅम. अमेरिकी अर्थतज्ज्ञ एडवर्ड ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये अमेरिकेतल्या 170 शहरांची 1956 ते 1987 ही वर्षं तपासली. तिथेही धंदे जास्त वाढले ते विविधता आणि स्पर्धा असलेल्या शहरांत. अमेरिकेचं जसंच्या तसं इथे लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण निपाणी तरी आपलीच आहे ना? तंबाखू आणि विडी, यावर अख्खा तालुका. भाव पडला की शेतकऱ्यापासून विडी वळणाऱ्या बाईपर्यंत सगळे एकदम खाली. 1981 मध्ये तंबाखू उत्पादकांना महामार्गावर ठाण मांडावं लागलं, गोळीबार झाला, माणसं गेली. एकाच धंद्याची ओळख किती महाग पडते हे निपाणीला कोणी शिकवायला नको.

उलट बेळगावकडे आज किती धागे आहेत ते मोजा. वडगाव, खासबाग, शहापूरचे माग. उद्यमबाग, मच्छे, होनग्याचं ओतकाम आणि मशिनिंग. येळ्ळूरच्या शिवारातला बासमती. खानापूरची माती आणि कुंभारकाम. पहाटे चोर्ला घाटातून गोव्याला जाणारी भाजी. अथणीची चप्पल, जिच्या 'कोल्हापुरी' या नावाचं भौगोलिक मानांकन 2019 मध्ये महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून देण्यात आलं, त्यात आपला जिल्हा आहे. कुंद्याचं नाव घेतलं नाही तर घरचे रागावतील, म्हणून तेही. यातल्या कशालाही आपल्या सादरीकरणात एका ओळीहून जास्त जागा नव्हती. मागाचा सुटा भाग कोण करतो, ते तर कुणी विचारलंही नसावं. आमच्याच गल्लीतला तिसरा लेथवाला करतो.

चौथी गोष्ट नकाशाच्या कडेची. आपला नकाशा राज्याच्या हद्दीपाशी संपतो आणि पुढे पांढरा कागद सुरू होतो. जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर ख्रिस्टालर यांनी 1933 मध्ये दक्षिण जर्मनीतली गावं पाहून सांगितलं की प्रत्येक शहर आपल्या भोवतालच्या मुलखाची बाजारपेठ असतं, आणि मुलूख जेवढा, शहर तेवढं. बेळगावचा मुलूख कुठवर? हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडचा माणूस दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला, पंपाच्या दुरुस्तीला कोल्हापूरच्या आधी बेळगावला येतो. आमचे कितीतरी पॅटर्न कोल्हापूरच्या भट्ट्यांवर जातात आणि तिथलं काम इकडे येतं. एकेकाळी तर हद्द शहराच्या पोटातूनच जायची. बेळगाव इंग्रजांचं आणि शहापूर सांगली संस्थानचं. तरी शहापूरची साडी खडेबाजारात यायची थांबली नाही. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. माझं मत मला आहे, पण या पत्राचा तो विषय नव्हे. निकाल काहीही लागो, चंदगडच्या माणसाला पंप दुरुस्त करून हवाच असणार. त्याचा येण्याजाण्याचा आकडा आराखड्यात नसेल तर दुकानं, रस्ते, बसस्थानक यांचा सगळाच अंदाज चुकतो.

पाचवी तक्रार थोडक्यात, कारण तिच्यावर वाद नसावा. भाषिक अल्पसंख्याकांसाठीची जी राष्ट्रीय पातळीवर मान्य झालेली व्यवस्था आहे, तिच्यानुसार जिल्ह्यात किंवा तालुक्यात 15 टक्के लोक जी भाषा बोलतात त्या भाषेत महत्त्वाचे नियम आणि नोटिसा द्यायच्या असतात. कन्नड या राज्याची भाषा आहे, ती मी आदराने शिकले, माझे निम्मे विद्यार्थी तीच बोलतात. पण ज्या कागदाने माणसाचं दुकान जाणार तो कागद त्याला समजला पाहिजे. पंधरा दिवसांतले सहा दिवस आमच्या गल्लीने अर्थ समजून घेण्यातच घालवले.

आणखी एक सल मनात आहे, ती तक्रार म्हणून नाही लिहीत. 1998 पासून तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय या शहरात आहे. माझे हुशार विद्यार्थी इंजिनिअर होतात आणि पुण्याला किंवा बेंगळुरूला जातात. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी 1957 मध्ये लिहिलं होतं की वाढणारं शहर आजूबाजूची माणसं आणि पैसा ओढून घेतं, आणि एकदा ओढ सुरू झाली की ती स्वतःच वाढत जाते. ती ओढ आराखड्याने थांबेल असं मला वाटत नाही. पण माझ्या भाच्याने इंजिनिअर होऊन दुकानात संगणकावर पॅटर्नचं डिझाइन सुरू केलं आहे. सुतारकीला फुटलेला हा नवा फाटा. तो पोरगा परत आला कारण परत यायला एक दुकान होतं.

मागण्या अशा आहेत.

आमच्या गल्लीच्या आणि अशा सगळ्या गल्ल्यांच्या नोटिसा तूर्त स्थगित करा. पुढे काही करण्याआधी प्रत्येक छोट्या कारखान्याची दारोदार नोंद घ्या. मालक कोण एवढंच नव्हे, तर तो काम कोणाकडून घेतो आणि कोणाला देतो, हेही लिहा. मोजणीला माणसं कमी पडली तर अर्थशास्त्राचे विद्यार्थी मी देते. त्यांनाही फळ्यापलीकडचं काही दिसेल.

ही नोंद झाल्यावर जिथे घर आणि कारखाना शेजारी नांदू शकतात तिथे नकाशात मिश्र पट्टा दाखवा. धूळ, धूर, आवाज आणि वेळ यांचे नियम कडक करा, आम्ही पाळू. ज्यांना खरोखर हलावंच लागेल त्यांना एकत्र हलवा, उद्यमबाग किंवा मच्छेच्या जवळपास, अर्ध्या ते एक गुंठ्याच्या भाड्याच्या गाळ्यांत. पाच गुंठ्यांची अट काढा.

मोठ्या उद्योगाला जमीन आणि सवलत देताना गावातून किती जॉबवर्क, किती सुटे भाग, किती दुरुस्ती घेणार हे करारात लिहून घ्या आणि दर वर्षी आकडा जाहीर करा. कमी भरला तर सवलतही कमी.

आराखड्याचा मसुदा आणि सर्व नोटिसा कन्नडसोबत मराठीत द्या, आणि हरकतींसाठी पंधरा दिवस नव्हे तर दोन महिने ठेवा. नकाशा चंदगड, निपाणी, कोल्हापूर आणि गोव्यापर्यंत वाढवा, निदान येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचे आणि माणसांचे बाण तरी दाखवा.

सतरा दुकानांच्या हरकती मी सोमवारी आपल्या कार्यालयात आणून देते आहे, प्रत्येकीची पोच हवी. आणि पुढच्या बैठकीच्या दिवशी दोन तास लवकर निघालात तर सकाळी साडेनऊला गल्लीत या. गाडी तिसऱ्या गेटापाशीच ठेवा, आत वळत नाही. आमच्या दाराशी चहाचा गाडा आहे. त्या दिवशी एका पाण्याच्या पंपाचं आवरण ओतायला जाणार आहे. पॅटर्न फाउंड्रीकडे निघण्याआधी बघून घ्या.

आपली,
पॅटर्नवाल्याची मुलगी,
अनगोळ, बेळगाव